जावे की राहावे?

सरकारी नोकरीत काही वर्षे काढलेल्या माणसाच्या चांगल्या परिचयाचे एक वाक्य आहे : 'पूर्वपरवानगीशिवाय मुख्यालय सोडू नये.' पूर आला, दंगल झाली, साथ उद्भवली की हे वाक्य परिपत्रकाच्या तळाशी येऊन बसते. २०२० च्या मार्च महिन्यात त्याला पुन्हा धार आली. ज्याला शक्य होते त्याने आपले गाव गाठावे, निदान घराचे दार लावून घ्यावे, अशी सर्वांची धडपड चाललेली असताना काही थोड्या माणसांना जेथे नेमणूक होती तेथेच राहणे भाग पडले. आमच्या वाचकांपैकी अनेकांनी ते दिवस महाराष्ट्रापासून दूर, परप्रांतातील सरकारी निवासस्थानात काढले असतील. रात्री दूरध्वनीवरून घरच्यांची खुशाली विचारून झाल्यावर, 'आपण येथे नेमके कोणासाठी राहिलो आहोत?' हा प्रश्न त्यांच्या मनाला चाटून गेला असल्यास नवल नाही.

प्रश्न जुना आहे. ज्या ज्या समाजावर महामारी कोसळली त्या त्या समाजाला तो विचारावा लागला. आज आम्ही तो ख्रिस्ती धर्मचिंतनाच्या इतिहासात शोधणार आहोत, कारण त्या परंपरेत त्याचा सलग आणि लेखी ऊहापोह झालेला आहे.

साथ आली म्हणजे माणसापुढे दोन प्रश्न उभे राहतात. ही का आली, हा पहिला. आणि ती आली असता मी कोठे असावे, हा दुसरा. पहिला कारणाचा, दुसरा कर्तव्याचा. धर्म आणि महामारी यांविषयी लिहिणाऱ्यांचे लक्ष बहुधा पहिल्या प्रश्नाकडे जाते, कारण देवाचा कोप, पाप, शासन हे विषयच असे आहेत की, त्यांवर बोलणाऱ्याचा आवाज आपोआप चढतो. परंतु आमच्या मते या परंपरेची टिकाऊ मिळकत दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आहे. त्या उत्तराची सर्वांत स्पष्ट मांडणी १५२७ साली विटेनबर्ग या जर्मन गावी मार्टिन लूथरने केली. तेथवर पोचण्यापूर्वी थोडे मागे जाणे इष्ट होईल.

ख्रिस्ती मंडळीला पहिल्या प्रश्नाचे एक तयार उत्तर वारशाने मिळाले होते. बायबलाच्या जुन्या करारात दावीद राजाची कथा आहे. राजाने प्रजेची शिरगणती केली. देवाला ते रुचले नाही, आणि दुष्काळ, शत्रूपुढे पळ किंवा तीन दिवसांची मरी यांपैकी एक निवड, असे त्याला सांगण्यात आले. राजाने मरी पत्करली आणि सत्तर हजार माणसे गेली. मग त्याच्या लक्षात आले की, अपराध आपला आहे, ही बिचारी मेंढरे विनाकारण मरत आहेत. आणि शासन मला व माझ्या घराण्याला कर, अशी त्याने विनवणी केली. साथ म्हणजे शिक्षा, हे सूत्र या कथेत आहे खरे. पण शिक्षा भलत्यालाच होते, ही टोचणीही तिच्यातच आहे. नव्या करारात हे सूत्र आणखी सैल झालेले दिसते. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, ती इतरांहून अधिक पापी होती असे समजू नका, असे येशूने बजावल्याचे लूकच्या शुभवर्तमानात आहे. म्हणजे मृत्यूवरून मृताच्या पापाचा हिशेब मांडू नये, ही शिकवण आरंभीच मिळाली होती. ती पाळली किती गेली, हा निराळा विषय.

तिसऱ्या शतकाच्या मध्यास रोमन साम्राज्यात एक भयंकर साथ पसरली. इतिहासात ती सिप्रियनची साथ म्हणून ओळखली जाते, कारण तिची लक्षणे कार्थेजचा बिशप सिप्रियन याने लिहून ठेवली : जुलाब, घशातील दाह, सततची ओकारी, लाल झालेले डोळे, गेलेली दृष्टी. ती नेमकी कोणती व्याधी होती याविषयी विद्वानांत अद्यापि एकमत नाही. त्या काळी दोन्हीकडून तक्रारी होत होत्या. बिगरख्रिस्ती म्हणत, या नव्या पंथाने आमच्या देवांची पूजा सोडली म्हणून हे संकट आले. ख्रिस्ती म्हणत, आम्ही खऱ्या देवाचे भक्त असून आम्हीही इतरांसारखेच कसे मरतो? सिप्रियनने सुमारे २५२ साली 'मर्त्यतेविषयी' हा लहानसा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने आपल्या अनुयायांस सुनावले की, देह सर्वांचा सारखाच आहे आणि देहाची दुखणीही सर्वांना सारखीच होणार. भक्ती म्हणजे आजारातून मिळणारी सूट नव्हे. मग ही साथ कशाची परीक्षा घेते? निरोगी माणसे आजाऱ्यांची सेवा करतात की नाही, आप्त आप्तांना धरून राहतात की नाही, धनी आपल्या आजारी गुलामांची कणव करतात की नाही, आणि वैद्य रुग्णाला टाकून जातात की काय, याची. कारणाच्या प्रश्नाने आरंभ झालेला विचार येथे कर्तव्याच्या प्रश्नाशी येऊन ठेपला, हे वाचकांच्या ध्यानात येईल.

याच सिप्रियनच्या चरित्रात एक अवघड जागा आहे. २५० साली सम्राट डेसियसने धर्मछळ आरंभिला तेव्हा तो कार्थेज सोडून गुप्त राहिला होता. त्याबद्दल त्याची निंदा झाली आणि त्याला आपल्या वर्तनाचे समर्थन करावे लागले. जाणे आणि राहणे या दोहोंचा अनुभव घेतलेला माणूस साथीच्या काळात बोलत होता. पुढे २५७ साली पुन्हा छळ सुरू झाला तेव्हा तो पळाला नाही. त्याचा शिरच्छेद करण्यात आला.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची हाव माणसाला कोठवर नेते, हे पाहायचे तर चौदाव्या शतकात यावे लागते. १३४७ साली युरोपात शिरलेल्या काळ्या मृत्यूने पुढील चार-पाच वर्षांत त्या खंडाची निदान एक तृतीयांश वस्ती नाहीशी केली. देवाचा कोप झाला आहे, इतक्यावर लोकांचे समाधान होईना. कोप कोणामुळे झाला, हे त्यांना हवे होते. अंगावर आसूड ओढून घेत गावोगाव हिंडणाऱ्या प्रायश्चित्त करणाऱ्यांच्या झुंडी निघाल्या. ज्यूंनी विहिरींत विष घातले, ही अफवा पसरली. स्ट्रासबर्ग शहरात १४ फेब्रुवारी १३४९ रोजी शेकडो ज्यूंना जिवंत जाळण्यात आले. त्या दिवसापर्यंत त्या शहरात साथ पोचलीसुद्धा नव्हती!

या अंधारात अॅव्हिन्यों येथून पोप सहावा क्लेमेंट याने १३४८ च्या जुलैमध्ये आणि सप्टेंबरमध्ये काढलेली फर्माने उल्लेखनीय आहेत. त्यांतील एक युक्तिवाद धर्मशास्त्राचा नसून साध्या निरीक्षणाचा आहे : या रोगाने ज्यूही मरत आहेत, आणि जेथे ज्यूंची वस्तीच नाही तेथेही तो पसरला आहे, तेव्हा आरोप टिकत नाही. पुढच्या वर्षी त्याने आसूड ओढणाऱ्यांच्या पंथाचाही निषेध केला. त्याच्या फर्मानांनी कत्तली थांबल्या असे नाही. तरी सर्वोच्च धर्मपीठाने पुराव्याच्या बाजूने उभे राहावे, ही गोष्ट लहान नव्हे.

आता १५२७ कडे वळू. त्या वर्षीच्या ऑगस्टच्या आरंभी विटेनबर्गमध्ये प्लेग दिसू लागला. लूथर तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता. जुलै महिन्यातच त्याला अकस्मात मूर्च्छा आली होती, आणि पुढे कित्येक महिने त्याचे मन विषण्णतेने ग्रासलेले होते. पत्नी काटारीना गरोदर होती, मुलगा हान्स वर्षाचा होता. १० ऑगस्ट रोजी इलेक्टर योहान याने लूथरला येना गावी निघून जाण्यास सांगितले. विद्यापीठाचे अध्यापक आणि विद्यार्थी येनाला गेलेही. लूथर मात्र योहानेस बुगेनहागेन आणि इतर दोन धर्मसेवकांसह मागे राहिला. एके काळचा मठ हेच त्याचे राहते घर होते. त्यात आता आजाऱ्यांच्या खाटा पडल्या. नगराध्यक्षाची पत्नी जवळजवळ त्याच्या हातांतच वारली. साहाय्यक धर्मसेवक रोरर याची पत्नी, म्हणजेच बुगेनहागेनची बहीण, प्रसूतीत प्लेगने गेली. तिचे मूलही वाचले नाही. काटारीनाने डिसेंबरात मुलीला जन्म दिला. तिचे नाव एलिझाबेथ. आठ महिन्यांनी ती वारली.

याच दिवसांत लूथरने एक पत्र पुरे केले. ब्रेस्लाऊ (आजचे पोलंडमधील व्रोत्स्वाफ) येथील धर्मोपदेशक योहान हेस आणि त्याचे सहकारी यांनी त्याला बऱ्याच आधी विचारले होते : ख्रिस्ती माणसाने साथीपासून पळावे काय? उत्तराला उशीर झाला, त्याबद्दल त्याने आरंभीच क्षमा मागितली. वर्ष संपण्यापूर्वी हे पत्र पुस्तिकारूपाने छापले गेले.

लूथरचा एकंदर स्वभाव पाहता तो गर्जना करील अशी अपेक्षा होते. येथे तो हलक्या हाताने चालतो. मृत्यू ही ईश्वराची आज्ञा आहे, तेव्हा पळणे म्हणजे अविश्वास, असे म्हणणाऱ्यांच्या निष्ठेचे तो कौतुक करतो. पण ती निष्ठा सर्वांवर लादण्यास तो तयार नाही. श्रद्धेने बळकट असणारे थोडे, दुबळे पुष्कळ. बळकटाला जे पेलते ते दुबळ्याच्या माथी मारू नये. जीव वाचविण्याची इच्छा देवानेच माणसात घातली आहे. घराला आग लागली तर देवाचे शासन म्हणून कोणी आत बसून राहतो काय? पाण्यात पडलेला पोहत नाही काय? दुखावलेला पाय वैद्याला दाखवीत नाही काय? मग साथीपासून दूर जाण्यात पाप कोणते?

इतकी मोकळीक दिल्यावर तो एक अट घालतो, आणि त्या अटीत सर्व सार आहे. जो कोणाशीही कर्तव्याने बांधलेला नाही त्याने खुशाल जावे. जो बांधलेला आहे त्याने राहावे. मग बांधलेले कोण, याची तो यादी देतो. पहिले धर्मोपदेशक, मरणाऱ्याला धीराच्या शब्दाची सर्वांत अधिक गरज असते. दुसरे नगराध्यक्ष, न्यायाधीश आणि त्यांसारखे अधिकारी; आगी, खून, दंगे यांच्या तोंडी सगळे गाव देऊन सत्ताधाऱ्याने निघून जाणे याला तो घोर पाप म्हणतो. तिसरे नगराचे पगारी नोकर : नगरवैद्य, कारकून, पहारेकरी. पुढे धनी आणि चाकर, आईबाप आणि मुले, पोरक्या मुलांचे पालक. आणि शेवटी शेजारी. ज्या आजाऱ्याला दुसरे कोणीच नाही, त्याच्याशी शेजारी बांधलेला आहे.

मात्र या यादीला एक व्यवहारी पुरवणी आहे. धर्मोपदेशक पुरेसे असतील तर त्यांनी आपसांत ठरवून काहींनी जावे. सर्वांनीच विनाकारण धोका पत्करू नये. नगराच्या नोकराने आपल्या जागी मालकाला पसंत असा लायक माणूस दिला असेल तर त्यालाही जाण्यास हरकत नाही. आमच्या वाचकांच्या भाषेत सांगायचे तर, रीतसर कार्यभार सोपवून जाणाऱ्यावर लूथरचा आक्षेप नाही. कार्यभार वाऱ्यावर टाकून जाणाऱ्यावर आहे. एका धर्मसुधारकाने ईश्वरशास्त्र सांगता सांगता नगराच्या कारकुनाचा विचार करावा, याचे आम्हांस मोठे अप्रूप वाटते. पुरोहिताचे काम पवित्र आणि बाकीच्यांचे पोटभरू, ही मध्ययुगीन भिंत लूथरने पाडली होती. तिचा अर्थ काय, हे या यादीत दिसते. आपल्याकडील वाचकाला येथे स्वधर्माची आठवण होईल. साम्य आहेही, परंतु लूथरच्या यादीत कर्तव्य जन्मावरून ठरत नाही. आपण गेलो असता कोण उघडे पडेल, यावरून ते ठरते.

पत्राच्या उत्तरार्धात तो दुसऱ्या टोकाच्या माणसांना धारेवर धरतो. औषध घेत नाहीत, रोग्यांची ठिकाणे टाळीत नाहीत, देव राखील म्हणतात. अशांना तो श्रद्धावान म्हणत नाही, देवाची परीक्षा पाहणारे म्हणतो. औषध ही देवाचीच देणगी आहे. ते घ्यावे, घर-अंगण-रस्ता धुराने शुद्ध करावा, आणि जेथे शेजाऱ्याला आपली गरज नाही तेथे जाऊ नये. आपल्या निष्काळजीपणाने दुसऱ्याला लागण झाली तर तो खून आपल्या माथी बसेल. रोग लपवून लोकांत मिसळणाऱ्यांविषयी तो अत्यंत कठोर आहे. सरकारने नगरात रुग्णालये चालवावीत, म्हणजे प्रत्येक घराचे रुग्णालय करण्याची पाळी येणार नाही, असे त्याचे मत आहे. दफनभूमी गावाबाहेर असावी, हेही तो सुचवितो. रोगाच्या कारणाविषयीचे त्याचे ज्ञान त्या काळाचेच होते. दूषित हवा आणि सैतानाची फुंकर यांवर त्याचा विश्वास होता. असे असूनही त्याने सांगितलेल्या आचारात आजच्या वैद्याला हरकत घेण्यासारखे फारसे आढळणार नाही. कारणाचे ज्ञान अपुरे असतानाही कर्तव्याचे ज्ञान पुरेसे असू शकते, याचे हे उदाहरण होय.

लूथरला आम्ही संत मानावे असे सुचवीत नाही. याच लूथरने १५४३ साली ज्यूंविरुद्ध असे विखारी पुस्तक लिहिले की, दोनशे वर्षांपूर्वीच्या क्लेमेंटची फर्माने त्यापुढे उजळून दिसावीत. शेजारी कोण, याचे त्याचे उत्तर प्लेगच्या वर्षी जितके विशाल होते तितके ते पुढे राहिले नाही.

विटेनबर्गच्या प्रसंगात एक गोष्ट मात्र विसरण्यासारखी नाही. लूथरला मुख्यालय सोडण्याची परवानगी होती. नव्हे, तसा आदेशच होता. वरून आलेले पत्र त्याला जा म्हणत होते. त्याला थांबविले ते खाली पसरलेल्या गावाने.

हे तत्त्व पेलणे किती जड आहे, हे जिनेव्हाने सोळा वर्षांनी दाखविले. १५४२ साली तेथे प्लेग शिरला तेव्हा प्येर ब्लांशे नावाचा धर्मोपदेशक आपण होऊन प्लेगच्या रुग्णालयात गेला आणि १५४३ मध्ये तेथेच मेला. आता दुसऱ्या कोणी जावे, असा प्रश्न नगरसभेपुढे आला. कॅल्विनची मंडळीला गरज आहे म्हणून त्याला पाठवू नये, असे सभेने ठरविले. उरलेले धर्मोपदेशक जूनमध्ये सभेपुढे उभे राहिले आणि त्यांनी कबूल केले की, जाणे हे आमचे कर्तव्य आहे, पण देवाने आम्हांला तेवढे बळ दिलेले नाही. आम्हांस ही कबुली तिरस्करणीय वाटत नाही. त्यांनी आपल्या भीतीला शास्त्राचा आधार शोधला नाही. कर्तव्य काय ते मान्य करून आपण उणे पडलो, असे त्यांनी सांगितले.

याच्या उलट बाजूचे उदाहरण मिलानचे. १५७६ च्या साथीत गव्हर्नर आणि सरदार मंडळी शहर सोडून गेली. आर्चबिशप कार्लो बोरोमेओ राहिला. त्याने आजाऱ्यांची सेवा केली, चर्चमधील पडद्यांचे कापड गरिबांच्या वस्त्रांसाठी दिले. आणि लोकांना घराबाहेर पडण्याची मनाई झाली तेव्हा चौकाचौकांत वेदी उभारून, खिडकीतूनच मिस्सा पाहता येईल अशी सोय केली. मात्र त्याने अनवाणी, गळ्यात दोर बांधून मिरवणुकाही काढल्या. पुढे त्याला संतपद मिळाले. १६३० साली मिलानवर पुन्हा साथ आली तेव्हा त्याचा चुलतभाऊ फेदेरिगो आर्चबिशप होता. संत कार्लोच्या अवशेषांची मिरवणूक काढा, असा नगराने आग्रह धरला. फेदेरिगोने आरंभी नकार दिला, अखेर तो नमला. ११ जून १६३० रोजी अवघे शहर रस्त्यावर लोटले, आणि त्यानंतर मृत्यूंचा आकडा झपाट्याने चढला. इटालियन कादंबरीकार मान्झोनी याने आपल्या कादंबरीत हा प्रसंग अमर केला आहे. राहण्याचे धैर्य दाखवूनही लूथरच्या पत्राचा उत्तरार्ध विसरला, तर काय होते, ते येथे दिसते.

पत्राचे दोन्ही भाग एकत्र आलेले पाहायचे असतील तर इंग्लंडातील डर्बीशायरच्या ईम या खेड्यात जावे. १६६५ च्या सप्टेंबरात लंडनहून एका शिंप्याकडे कापडाचे गाठोडे आले आणि त्यासोबत प्लेग आला. हिवाळ्यात तो मंदावला, उन्हाळ्यात पुन्हा भडकला. काही सधन कुटुंबे तोवर निघून गेली होती. १६६६ च्या जूनमध्ये तरुण धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन आणि त्याच्याआधीचा, मतभेदामुळे पद गमावलेला टॉमस स्टॅनली हे दोघे एकत्र आले. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या दोन पक्षांची ही माणसे. त्यांनी मिळून गावकऱ्यांना विनविले की, आता कोणी शीव ओलांडू नये, म्हणजे शेजारची गावे वाचतील. उपासना चर्चऐवजी उघड्यावर, दरीत होऊ लागली. मृतांना ज्याने त्याने आपल्या आवारात पुरावे असे ठरले. बाहेरून आलेले धान्य शिवेवर ठेवले जाई आणि त्याचे मोल व्हिनेगरमध्ये टाकलेल्या नाण्यांनी चुकविले जाई. चौदा महिन्यांत सुमारे २६० माणसे मेली. एलिझाबेथ हॅनकॉक नावाच्या बाईने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुले आपल्या हातांनी पुरली. मॉम्पेसनने आपल्या मुलांना आधीच दूर पाठविले होते; पत्नी कॅथरिन त्याच्याजवळ राहिली आणि २५ ऑगस्टला गेली. लूथरने राहण्याचे कर्तव्य थोड्या पदस्थांना सांगितले होते. ईममध्ये ते एका अख्ख्या खेड्यावर आले. तेही कोणासाठी? ज्यांची नावे ठाऊक नव्हती अशा पलीकडच्या गावकऱ्यांसाठी. अलीकडचे इतिहासकार या कथेतील स्वेच्छेचा भाग किती, याविषयी शंका घेतात. त्या शंका रास्त असतील; थडग्यांचे दगड मात्र अजून तेथे आहेत.

आता हा प्रश्न आपल्या दारी कसा आला, ते सांगून लेख आवरतो. १८९६ च्या उत्तरार्धात मुंबईत आणि मग पुण्यात प्लेग आला. शहरे ओस पडली. लोक माळावर झोपड्या बांधून राहू लागले, आणि पुढे कित्येक वर्षे घराघरांत वयाचा हिशेब 'प्लेगच्या सालापासून' केला जाई. कोण राहिले आणि कोण गेले, याची चर्चा तेव्हाही झाली. शहर सोडून जाणाऱ्या पुढाऱ्यांवर टिळकांनी टीका केली आणि स्वतः पुण्यातच राहून हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय उघडले. सावित्रीबाई फुले दत्तक पुत्र डॉक्टर यशवंत यांच्याबरोबर रुग्णांची सेवा करीत असता १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या.

याच पुण्यात सरकारी अधिकारीही होते, आणि ते आपल्या जागी होते. रँडसाहेबाची प्लेग समिती सैनिकांकरवी घरे तपाशीत होती. मुख्यालय कोणी सोडले नव्हते. तरीही लोकांना रोगाइतकीच त्या तपासणीची धास्ती वाटे. अशा वेळी एका मराठी ख्रिस्ती स्त्रीने तोंड उघडले. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाईंचे शारदासदन पुण्यात होते. मे १८९७ मध्ये त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' या मुंबईच्या ख्रिस्ती पत्रात, प्लेगच्या सरकारी रुग्णालयातील आणि तपासणीतील स्त्रियांच्या दुर्दशेविषयी स्पष्ट शब्दांत लिहिले. राज्यकर्ते ख्रिस्ती होते, आणि तक्रार करणारीही ख्रिस्तीच होती. साथ का आली, यावर त्यांचे भांडण नव्हते. शेजाऱ्याशी तुम्ही कसे वागलात, एवढाच त्यांचा सवाल होता. पुढे २२ जून १८९७ रोजी काय घडले ते मराठी वाचकास सांगावयास नको.

पदावर राहणे पुरेसे नाही, हे रमाबाईंच्या पत्राने दाखविले. रँडच्या माणसांना वरचा आदेश होता. खाली पसरलेल्या गावाशी त्यांचे नाते नव्हते. विटेनबर्गमध्ये आदेश जाण्याचा होता आणि नाते होते. दोन्ही ठिकाणी माणसे आपल्या जागी उभी होती, पण कागदावर सारख्या दिसणाऱ्या त्या दोन उपस्थितींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

२०२० साली लूथरचे ते पत्र जगभर पुन्हा वाचले गेले. २७ मार्चच्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस रोममधील संत पेत्राच्या रिकाम्या चौकात, पावसात, एकटे उभे राहून प्रार्थना करीत असलेले लोकांनी पाहिले. उत्तर इटलीत अनेक धर्मगुरू साथीत दगावले. काही ठिकाणी पाद्र्यांनी देव राखील म्हणून प्रार्थनेला गर्दी जमविली. काही ठिकाणी शेजाऱ्यासाठी दारे बंद ठेवली. देवाचा कोप कोणामुळे झाला, हे सांगणारेही निघालेच, आणि त्यांची बोटे नेहमीप्रमाणे दुसऱ्याकडेच होती. पाचशे वर्षांत वादाचा नकाशा फारसा बदललेला नाही.

आमच्या वाचकांपैकी कोणी त्या वर्षी अन्नधान्याच्या गाड्या सोडीत होते, कोणी रुग्णालयाच्या खाटा मोजीत होते, कोणी पायी निघालेल्या मजुरांच्या रांगेपुढे परवान्यांचे गठ्ठे घेऊन बसले होते. त्यांच्यापैकी थोडेच लूथरचे अनुयायी असतील; त्यासाठी असावेही लागत नाही. पुन्हा कधी परिपत्रकाच्या तळाशी ते ओळखीचे वाक्य आले, तर त्याच्याखाली सही कोणाची आहे ते पाहावेच; आणि नंतर खिडकीतून बाहेर, ज्या गावासाठी ते वाक्य लिहिले गेले त्या गावाकडेही एकदा पाहावे.